साउथेंडची नारळी पौर्णिमा

सोमवार, १८ जानेवारी १९३७
मालमड्डी, धारवाड

ही वही विमलाने मला साउथेंडच्या एका दुकानात घेऊन दिली. "मावशी, रोज पाहशील ते रोज लिही," म्हणाली. तिथे एक अक्षर लिहिलं नाही. बघायलाच दिवस पुरत नव्हता. इथे आता सकाळी नऊलाच दुपार झाल्यासारखी वाटते, म्हणून वही काढली.

पहिल्या पानावर नाव लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. अंबूताई. सगळे अंबक्का म्हणतात. वय सत्तेचाळीस. संस्कृत पाठशाळेतल्या बाळाचार्यांची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी कुंकू गेलं, चौदाव्या वर्षी केस. काम मडीच्या स्वयंपाकाचं. सोवळ्यात शंभर पान करायचं असलं की धारवाडात आणि हुबळीत अंबक्काला बोलावणं येतं. यायचं, असं लिहायला हवं.

विमला माझ्या मावसबहिणीची मुलगी. तिचा नवरा मुकुंदराव हुबळीला देशपांडे नगरात डॉक्टर आहे. गेल्या मार्चात तो वरची परीक्षा द्यायला लंडनला निघाला तेव्हा विमलाला पाचवा महिना. पोरगी आधीच काडीसारखी. मावशी येणार नसेल तर मीही जात नाही म्हणून अडून बसली. माझा अण्णा, म्हणजे बाळाचार्य, म्हणाला, "जातेस तर जा. आल्यावर बघू."

आल्यावर बघणं चालू आहे. परत येऊन सात आठवडे झाले. मला परसातली खोली दिली आहे. ताट वेगळं, तांब्या वेगळा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पार्वती म्हणून बाई ठेवली आहे, ती आमटीत चिंच आधी घालते आणि मग डाळ शिजत नाही म्हणून डाळीला नावं ठेवते. मी खोलीत बसून वासावरून सगळं ओळखते आणि जीव नुसता वरखाली होतो.

डॉक्टरांनी प्रायश्चित्त घेतलं नाही, घेणारही नाहीत. त्यांच्या औषधाला विटाळ नसतो. माझ्या आमटीला असतो.

आणखी एक लिहून ठेवते. तिकडे आठ महिने न्हावी कुठला? केस चार बोटं वाढले होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णाने न्हाव्याला निरोप धाडला आणि स्वतः मागच्या पडवीत पाठ करून उभा राहिला. तेहतीस वर्षांपूर्वी असाच उभा होता. तेव्हा तो वीस वर्षांचा, वडील नुकते गेलेले, घराचा कर्ता तोच. तेव्हाचा निरोपही त्यानेच धाडला होता.

शुक्रवार, २२ जानेवारी

शेजारची मंगला तीन दिवसांत दोनदा वाटी परत करायला आली. आमच्याकडून तिने वाटी नेलीच नव्हती.

"अंबक्का, खरं सांगा, समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो म्हणे?"

"जातो की. सकाळी पायरीला लागलेला असतो आणि जेवून येऊन बघावं तर नाही. मैलभर नुसता चिखल. होड्या कलंडून पडलेल्या."

"अय्यो! मग लोक काय करतात?"

"खुर्च्या मांडून वाट बघतात. कापडाच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. लोक तासन् तास चिखलाकडे तोंड करून बसतात आणि कुणी कुरकुरत नाही."

मग तिला तो धक्का सांगितला. किनाऱ्यापासून खांबांवर बांधत नेलेला रस्ता, मैलाहूनही लांब, आणि त्यावरून विजेची आगगाडी. पलीकडे गाव नाही, बेट नाही. टोकाला बँड वाजतो, लोक चहा पितात, आणि त्याच गाडीने परत येतात. मंगला म्हणाली, "कुठे जायचंच नाही तर गाडी कशाला?" मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गाडी सोडून चालत गेले. तिसऱ्या दिवशीही. विमलाने मला कॅनव्हासचे बूट घेऊन दिले होते. खाली पाणी, समोर पाणी, आणि बाई, तू कुठे निघालीस असं विचारणारं कुणी नाही.

इथे तुळशीपासून विहिरीपर्यंत एकोणचाळीस पावलं होतात. आज किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. अण्णाची लीला म्हणाली, "काय करालीस गं अक्का? बस की एका जागी." बसवत नाही, त्याला मी काय करू?

बुधवार, २७ जानेवारी

लीलाचं लग्न ठरलं. फाल्गुन शुद्ध पंचमी, हुबळीचंच स्थळ, मुलगा वकील आहे. लीला तीन वर्षांची असताना वहिनी गेली. त्या दिवसापासून ती माझ्या हाताखाली वाढली आहे. तिच्या लग्नात चिरोटे कसे करायचे हे मी दहा वर्षं मनात ठरवून ठेवलं आहे.

आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. व्याह्यांचं पत्र अण्णाने मला वाचून दाखवलं. आपल्या भगिनींनी समुद्रगमन केल्याचे समजते. विधिपूर्वक शुद्धी झाल्याखेरीज आमच्याकडील मंडळी आपल्या घरचे पाणीही घेऊ शकणार नाहीत. म्हणजे माझ्या हातचं नव्हे, या घरचंच.

"त्यात काय मोठंसं," मी म्हटलं. "पंचगव्य घेते. तीन दिवस उपास कर म्हणाल तर करते. जन्मभर उपासच केले आहेत."

अण्णा म्हणाला, "नुसतं पंचगव्य नाही अंबू. पर्षद बसेल. चार शास्त्री. त्यांच्यापुढे ओलेत्याने उभं राहायचं, काय काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे म्हणायचं. पश्चात्ताप नसेल तर पुढचा विधी लागू पडत नाही."

"म्हणेन की."

म्हटलं खरं. पण हा शब्द घशाखाली उतरेना. रात्रीचं फराळाचंही तसंच राहिलं.

शनिवार, ३० जानेवारी

सकाळपासून पश्चात्ताप करायला बसले आहे.

बोटीत मला उलट्या झाल्या, त्याचा पश्चात्ताप आहे. लंडनच्या धुराचा आहे. पण तो साउथेंडचा दीड महिना मनात आणला की पश्चात्ताप राहतो बाजूला आणि तोंड हसरं होतं. उंचावरच्या बागेतून समुद्रावर उतरवणारी एक पेटी होती. आत उभं राहिलं की खोली आपोआप खाली जायची. मी उगीचच चारदा खालीवर केलं. तिथला माणूस मला बघून टोपी काढायचा. मला बघून! आपल्याकडे सकाळी मी समोर आले तर माणसं परत घरात जाऊन पाणी पिऊन निघतात.

मडीत असताना मी आजवर खोटं बोललेली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी झालं म्हणून सांगितलं आहे. ओलेत्याने अग्नीसमोर उभं राहून खोटं बोलायचं कसं? आणि नाही बोलले तर लीलाचं काय?

शनिवार, ६ फेब्रुवारी

माझा फोटो गेला.

पेटीच्या तळाशी, शालीच्या घडीत ठेवला होता. आज शाल उन्हात टाकायला काढली तर नाही. सगळी पेटी उपसली. दोनदा.

या फोटोचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, लीलालासुद्धा नाही. तिथे समुद्राकाठच्या रस्त्यावर फोटोवाले उभे असतात. न विचारता समोरून खट्ट करतात आणि हातात चिठ्ठी देतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फळीवर हजार माणसांत आपणही टांगलेले असतो. विमलाने मला ओढत नेलं, "मावशी, ही बघ तू!" मी ओळखलंच नाही. तांबडं आलवण, पायात बूट, वाऱ्याने पदर पार मागे गेलेला, डोक्यावर केस उडताहेत, आणि तोंड एवढं उघडं टाकून हसते आहे. माझा जन्मातला एकुलता एक फोटो. तो दाखवायचा नव्हता, तसा फाडायचाही नव्हता.

लीला माझ्या पेटीला हात लावत नाही. पार्वतीला परसात यायची चोरी. राहिला अण्णा. त्याने काढला असेल तर एव्हाना चुलीत गेला. विचारायची सोय नाही. विचारलं म्हणजे असा फोटो होता हे कबूल करणं आलं.

आज विहिरीपर्यंतच्या खेपा मोजल्या. एकशे चार.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

अण्णाचं काहीतरी बिनसलं आहे. पाठशाळेतून येतो, माझ्या खोलीच्या दाराशी थांबतो आणि तसाच निघून जातो. आज एकदम म्हणाला, "तिकडे वारं फार असतं काय गं?"

"समुद्राचं वारं. असतंच."

"थंडी बाधली नाही ना तुला?"

आठ महिन्यांत एका पत्रात विचारलं नाही, आणि आता फेब्रुवारीत विचारतो आहे. मी म्हटलं, नाही बाधली. "बरं, बरं," म्हणून पोथी काढून बसला. पोथीचं पान अर्धा तास उलटलं नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

विमला बाळाला घेऊन हुबळीहून आली. बाळ साउथेंडच्या हवेवर पोसलेलं, कसं गुटगुटीत आहे. डॉक्टरही आले होते. माझ्या मनातली सगळी घालमेल मी विमलाला सांगितली.

ती म्हणाली, "मावशी, होगली बिडू, जाऊ दे. एक शब्द म्हणायचा आहे. म्हण आणि सुटून जा."

"तुला सोपं आहे."

"मग त्यांना नारळी पौर्णिमेचं सांग. निदान तेवढं तरी पुण्य धरतील."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो दिवस मी कशी विसरेन? तीन ऑगस्ट, सोमवार. पंचांग मी इथून नेलं होतं. श्रावणी पौर्णिमा. धारवाडला समुद्र नाही, त्यामुळे नारळ सोडण्याची गोष्ट आमच्याकडे नुसती ऐकायची. जन्मात पहिल्यांदा समुद्रासमोर आहोत, निदान हात तरी जोडू, म्हणून सकाळी खिडकी उघडली तर खाली माणसांचा महापूर. आगगाड्या भरभरून येत होत्या. बायकापोरं, म्हातारेकोतारे, सगळे पाण्याकडे निघालेले. आदल्या आठवड्यात याच्या पाव हिश्शानेही गर्दी नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, "आज काय आहे यांचं?" ते म्हणाले, "आज सगळ्या देशाला सुट्टी आहे मावशी." मी म्हटलं, "पौर्णिमेची?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तसंच धरा."

मग तिथल्या कुर्सालच्या जत्रेत गेलो. तिथे पाळणे, लाकडी घोडे आणि भुताचं घर आहे. आणि एका मांडवात ओळीने नारळ! खांबांवर एकेक नारळ नीट बसवलेला, आणि लोक लांबून चेंडू मारून तो पाडत होते. पाडेल त्याला तो नारळ. त्यांची ती रीत असेल. डॉक्टरांनी तिसऱ्या चेंडूला पाडला आणि माझ्या ओटीत घातला.

संध्याकाळी नारळ घेऊन किनाऱ्यावर आले तर समुद्र गेलेला. चिखलात नारळ कसा सोडायचा? शेवटी धक्क्यावरच्या गाडीने टोकाला गेले. तिथे पाणी होतं. हळद-कुंकू मी लावायचं नाही, म्हणून विमलाकडून लावून घेतलं आणि वरूनच नारळ सोडला. दोन पोलीस बघत होते. काही बोलले नाहीत. त्यांनाही ठाऊक असणार.

डॉक्टरांना आज हे आठवून इतकं हसू आलं की बाळ दचकलं. मी म्हटलं, देवाच्या गोष्टीत हसण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "काही नाही मावशी, तुमचं सगळं बरोबर आहे."

गुरुवार, ४ मार्च

रविवारी पर्षद बसणार. जयतीर्थाचार्य मुख्य. फार कडक माणूस. एकदा त्यांच्या घरी श्राद्धाला मी वाटलेल्या डाळीत एक खडा निघाला होता, तो त्यांनी सहा महिने लक्षात ठेवला. व्याहीही येऊन बसणार आहेत.

लीला माझ्या गळ्यात पडून रडली. "अक्का, तुला म्हणवत नसेल तर म्हणू नको. मोडलं तर मोडू दे लग्न."

मी तिला रागावले. मोडू दे म्हणे! तो वकील तिला आवडला आहे, हे मला चेहऱ्यावरून कळतं. पोरीने माझ्यासाठी एवढं बोलावं आणि मला एक शब्द उच्चारता येऊ नये, याची लाज वाटली. मग तीच लाज पश्चात्ताप म्हणून चालेल का, असंही मनात आलं. चालणार नाही. हा निराळा पदार्थ आहे.

न्हावी गेल्या शनिवारी येऊन गेला. आता रविवारीच काय ते होईल.

रविवार, ७ मार्च

झालं. कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी आठला विहिरीवर डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या आणि ओलेत्याने पडवीत उभी राहिले. पाटांवर चार शास्त्री. एका बाजूला व्याही, एका बाजूला डॉक्टर, दाराआड आळीतल्या सगळ्या बायका. अण्णा कर्ता म्हणून माझ्या शेजारी, तोही ओलेता. जयतीर्थाचार्य म्हणाले, "काय घडलं ते सर्व सांगा. लपवाल तर दोष दुप्पट."

मी म्हटलं, सांगते.

अन्न मी माझ्याच शेगडीवर शिजवलं, त्यावर त्यांनी मान हलवली. पाणी नळाचं प्याले, तिथे कपाळाला आठी पडली. मग समुद्रकाठाचं निघालं. धक्का आणि त्यावरची आगगाडी सांगितली तेव्हा पुंडलिकशास्त्री पुढे सरकले.

"म्हणजे समुद्रावरून गेलात?"

"खांबांवरून. खाली पाणी होतं."

"मग तो सेतू झाला. सेतूने जाण्यात उल्लंघनाचा दोष नाही."

जयतीर्थाचार्य म्हणाले, "सेतू पलीकडच्या तीराला टेकतो. हा मध्येच थांबतो म्हणतात की त्या!"

"मध्येच थांबतो, तर मग उल्लंघन पुरं झालंच नाही."

यावर बराच वाद झाला. तिसऱ्या शास्त्र्यांनी विचारलं, गाडीला डबे किती? चौथे म्हणाले, डब्यांचा इथे काय संबंध? मग त्यांनीच विचारलं, भरतीचं पाणी रुळांवर येतं काय? मी येत नाही म्हटलं. खांब लाकडी की लोखंडी? मी लोखंडी म्हटलं. उन्हं पडवीत आली.

मग लाकडी घोड्याचं कबूल केलं. दोन्हीकडे पाय टाकून बसले होते, हेही सांगितलं. दाराआड बायकांत कुजबुज झाली.

"कुठवर नेलं त्या घोड्याने?" जयतीर्थाचार्य.

"कुठेच नाही. गोल फिरतो. निघालं तिथेच येऊन उतरायचं."

"किती वेळा बसलात?"

"पाच."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "प्रवास घडला नाही. पुढे सांगा. भुताचं घर म्हणालात, त्यात काय असतं?"

तेही सांगितलं. उतरणारी पेटीही सांगितली. तोंडात धरायची साखरेची कांडी, कुठेही मोडली तरी आत गावाचं नाव लिहिलेलं, ती सांगितली तेव्हा व्याहीच म्हणाले, "असं कसं होईल?" लीलासाठी आणलेली एक कांडी परसातल्या कोनाड्यात होती. ती मागवली गेली. जयतीर्थाचार्यांनी हात न लावता ती मोडायला सांगितली. आत नाव होतं. दुसऱ्या जागी मोडायला सांगितली. तिथेही होतं. चारही शास्त्री बघत राहिले.

एव्हाना माझं आलवण अंगावर वाळलं होतं. मला पुन्हा विहिरीवर जाऊन ओलं होऊन यावं लागलं.

मग नारळी पौर्णिमा सांगितली.

"लाखावर माणूस होतं," मी म्हटलं. "सगळे पाण्यात. नारळ ओळीने मांडलेले."

"मंत्र?"

"मंत्र कानावर आले नाहीत. बँड होता."

डॉक्टरांना असा ठसका लागला की ते उठून बाहेर गेले.

जयतीर्थाचार्यांचा आवाज बदलला. "म्हणजे वरुणाची पूजा त्या देशातही उरली आहे. भ्रष्ट झाली, पण उरली आहे." त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. मग इतर तिघांशी बोलून म्हणाले, बारा दिवसांचं व्रत नको, तीन दिवस पुरे. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता बोला. झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे?"

मी तोंड उघडलं. समोर अग्नी होता. दाराच्या फटीतून लीलाचा डोळा दिसत होता. मी 'आहे' म्हणायचं ठरवून आले होते. पण डोळ्यांपुढे तो धक्का आला आणि शब्द फुटेना.

"आहे," असं कुणीतरी म्हणालं. अण्णा होता.

"त्यांना विचारलं आहे, बाळाचार्य."

"मी घरचा कर्ता. या घरात जे झालं ते माझ्या हातून झालं." त्याने हात जोडले. "पश्चात्ताप आहे. पुष्कळ वर्षं आहे. लिहून घ्या."

जयतीर्थाचार्य हळूच म्हणाले, "साकु, पुरे. पोचलं." आणि पंचगव्याची वाटी पुढे केली. अण्णानेही घेतलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवार, ८ मार्च

उपास चालू आहे. मला अण्णाचा राग आला आहे, तो लिहून टाकते.

मी खोटं बोलायचं म्हणून महिनाभर तळमळले, आणि हा सरळ अग्नीसमोर बोलून मोकळा झाला. ज्याने जन्मात विद्यार्थ्याला खोटा गुण दिला नाही! त्यातून बोलताना घोटाळा केला. पुष्कळ वर्षं कसली? मला जाऊन अजून वर्ष भरलेलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्याला गरगरलं असावं. माझ्यापायी त्याच्या माथी खोटं बोलण्याचं पाप आलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तेवढा पश्चात्ताप मात्र आता अस्सल आहे.

शुक्रवार, १९ मार्च

लग्न झालं. तीनशे पान. चिरोट्यांना एकवीस पदर सुटले. व्याह्यांनी तीनदा मागून घेतले. जयतीर्थाचार्य जेवून उठताना चुलीपाशी डोकावले आणि म्हणाले, "अंबक्का, ती पेटी खाली जाताना पोटात कसंसं होत होतं काय?" मी होतं म्हटलं. ते समाधानाने गेले.

लीला जाताना माझ्या पायांना मिठी मारून बसली, उठेना. मी रडले नाही. चुलीवर कढई होती. सगळं आवरल्यावर परसात जाऊन रडले. हातात पुन्हा झारा आला, स्वयंपाकघर माझं झालं, आणि ज्या पोरीसाठी एवढं झालं तीच तिथून गेली.

शनिवार, १० एप्रिल

परवा पाडवा. घर झाडायला काढलं.

पाय अजून थाऱ्यावर नाहीत. स्वयंपाक उरकला की तुळस ते विहीर चालूच असतं. काल अण्णा म्हणाला, "केलगेरीच्या तळ्यापर्यंत जाऊन येत जा की संध्याकाळी. मीही येत जाईन." मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तो म्हणाला, "लोकांना पंचगव्य देऊ." हा विनोद होता हे मला खोलीत गेल्यावर समजलं. अण्णाने विनोद केलेला मला आठवत नाही.

आणखी एक. दर पंधरा दिवसांनी शनिवारी यायचा तो न्हावी येत नाही. एक शनिवार लग्नाच्या धामधुमीत गेला. पुढचा गेला. आज तिसरा, सहा आठवडे झाले. डोक्यावर बोटाच्या पेराएवढं आलं आहे, आलवणाला अडकतं. सकाळी अण्णाला म्हटलं, "न्हाव्याला निरोप धाडायचा राहिला."

त्याने पोथीतून मान वर केली नाही. "इरली, राहू दे," म्हणाला. "उन्हाळा आहे. डोक्याला ऊन लागतं."

तेहतीस उन्हाळे लागलं नाही ते!

दुपारी तो पाठशाळेत गेल्यावर देवघर झाडलं. त्याची रोजची पोथी उचलली तर पानांतून काहीतरी निसटून खाली पडलं. माझा फोटो. दोन महिने मी तो चुलीत गेला असं धरून बसले होते. कोपरे मऊ पडले आहेत, आणि जिथे माझे केस उडताहेत तिथे कागदाची चकाकी गेली आहे, बोट फिरवून फिरवून जाते तशी.

मी खालीच बसले. हा फोटो अण्णाने रोज पाहिला आहे. मी लहानपणी विहिरीच्या काठावर उभी राहून केस वाळवायची आणि हा मला दगड मारून पळायचा, हे मला पस्तीस वर्षांत आठवलं नव्हतं. आज आठवलं. पर्षदेत तो घोटाळला नव्हता. खोटंही बोलला नव्हता. एवढं कळायला मला महिना लागला, आणि लोक म्हणतात अंबक्का हुशार आहे.

त्याच्याशी यातलं काही बोलणार नाही. बोलले तर बिचारा फोटो परत करील. होता त्याच पानात परत ठेवला, पोथी बांधली, दोरा तसाच दोनदा गुंडाळला. मला बघायचं असलं तर लीला तिचा आरसा खुंटीला विसरून गेली आहे.